तिसरा पुकारा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. मी ती एकतीस वर्षं रोज चढलो, तेव्हा माझ्या शहाणपणाचा अंदाज तुम्हीच बांधा. वकील नव्हतो, पक्षकारही नव्हतो. तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला होतो. पाणी दे, फायली उचल, साहेबांच्या गाडीचं दार उघड, असली सगळी कामं होती. पण लोकांना मी आठवतो तो पुकाऱ्यासाठी. दारात उभं राहायचं आणि नाव घ्यायचं. अमका तमका, हाजिर हो. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी पुढं आलं नाही, की साहेब खाली मान घालून लिहायचे, गैरहजर. त्याच्या आधी नाही. माणूस चहाच्या टपरीवर असतो, झाडाखाली विडी ओढत असतो, त्याला तेवढी सवड द्यायची असते. माझा आवाज असा होता की रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानातून पक्षकार चपला हातात घेऊन पळत यायचे.

निवृत्त झालो आणि गावी आलो. वारंगा फाट्यावर उतरून आत चार किलोमीटर. दीड एकर हळद, एक लिंबाचं झाड, त्याखाली बाज, आणि सरकारी योजनेतून खोदून घेतलेलं, घराच्या दारातून दिसणारं शेततळं. मिराबाई, माझी बायको, तोवर गेली होती. मुलगा भीमराज आणि सून शीतल दोघंही पुण्याकडं कंपनीत. तिथं एका खोलीत पोर सांभाळायची कुणी, म्हणून त्यांनी प्रियदर्शनीला माझ्याकडं आणून सोडलं. तेव्हा ती दोन वर्षांची होती.

नातवंड म्हणजे दुधावरची साय, हे मी लोकांच्या तोंडून खूप ऐकलं होतं. स्वतःच्या पोराच्या वेळी मी कोर्टातच असायचो, त्यामुळं दूध कधी तापलं आणि कधी निवलं ते मला कळलंच नाही. साय मात्र माझ्या एकट्याच्या वाटणीला आली. मी तिच्या वेण्या घालायला शिकलो. एक वेणी कायम वर, एक खाली. शाळेत बाई हसायच्या, पण ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. झोपताना तिचा एक पाय माझ्या पोटावर असायचा. तो काढला की तिला झोपेतही कळायचं.

आणि आमचं कोर्ट होतं. तिनं ट्रंकेतून माझा जुना लाल पट्टा आणि पितळी बिल्ला शोधून काढला, आणि हे काय, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या दिवसापासून लपाछपीत आमचा कायदा लागू झाला. ती लपणार, मी पुकारा करणार. प्रियदर्शनी भीमराज खिल्लारे, हाजिर हो. पहिल्या दोन पुकाऱ्यांना जागचं हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. तिसऱ्याला उभं राहून म्हणायचं, हाजिर. मोजण्यात चूक नको म्हणून फ्रॉकच्या खिशात तीन चिंचोके असायचे. पुकारा झाला की एक चिंचोका समोर जमिनीवर. मी मुद्दाम दोन पुकाऱ्यांनंतर गप्प बसायचो, तिला फसवून बाहेर काढायला. एकदाही फसली नाही. पावसात भिजली, मुंग्या चावल्या, पण तिसऱ्याशिवाय तोंड उघडलं नाही.

एकदा रात्री पोटावर पाय टाकून तिनं विचारलं होतं, "आबा, तुमी झोपल्यावर तुमचा आवाज कुठं जातो?"

"कोर्टात जातो," मी म्हणालो. "रातपाळीला."

मग ती म्हणाली, "एकटाच जातो?"

मी हसलो आणि व्हय म्हणालो. तेव्हा हसलो.

मागच्या वर्षीचा मार्च. सकाळची शाळा सुरू झाली होती. हळद शिजवून ताडपत्रीवर वाळत घातली होती. ती जनावरांनी तुडवू नये, वाऱ्यानं ताडपत्री उलटू नये, म्हणून दुपारभर तिथं बसावं लागतं. एवढंच काम. बारा वाजता पोरगी शाळेतून आली, भाकरी आणि गूळ खाल्ला, आणि आम्ही दोघं शेतात गेलो.

मार्चमधली आमच्याकडची दुपार तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको. रानात माणूस नसतं. पाखरंही झाडात शिरून बसतात. शिजलेल्या हळदीचा वास इतका दाट असतो की घशाशी बसतो. शेततळ्यात अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद उन्हानं तापून मधूनच चुरचुरतो, बस, तेवढाच आवाज. मी बाजेवर बसलो. ती लपायला गेली.

मी उठून पहिला पुकारा केला. थोडं थांबून दुसरा. मग नेहमीसारखा गप्प बसलो, तिची परीक्षा बघत. तेवढ्यात फोन वाजला. भीमराजची जेवणाची सुट्टी होती. सव्वा वाजला होता.

वीस मिनिटं बोललो. हळद कशी झाली, त्याचा ओव्हरटाइम, शीतलची पाठदुखी. काहीही महत्त्वाचं नाही. मध्येच तो हसला आणि म्हणाला, "चालू द्या तुमचं कोर्ट." पोर कुठं आहे विचारल्यावर मीच त्याला सांगितलं होतं की लपून बसलीय, म्हणून तो तसं म्हणाला असेल, असं मला वाटलं. फोन ठेवला. तिसरा पुकारा करायला तोंड उघडलं, आणि मनात आलं, आज आपणच पाठीमागून जाऊन धरू. बिचारी वीस मिनिटं बसलीय, तिला हसवू.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं नव्हती. कडब्याच्या गंजीत नव्हती. मग मी शेततळ्याच्या बांधावर चढलो. तिथं तिच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या, टाचा माझ्याकडं.

शेततळ्यात पाणी कमी झालं की कडेचा उतार लांबतो. कागदावर शेवाळ धरतं. त्यावरून कुत्रंसुद्धा वर येऊ शकत नाही. म्हणून मी टायरची ट्यूब बांधलेला दोर आत सोडून ठेवलेला असायचा. तो त्या सकाळी मीच काढून आणला होता, ताडपत्री बांधायला. ह्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण ती चूक निदान समजते तरी.

मी आत उडी घेतली. शेजारच्या शेतातला सोनाजी धावत आला, त्यानं दोर टाकून आधी तिला आणि मग मला वर काढलं. तिची एक वेणी वर होती, एक खाली. आणखी काही मला विचारू नका.

चपलांच्या पुढं चिंचोके होते, एका ओळीत मांडलेले. पोलीस यायच्या आधी मी ते उचलून खिशात घातले. एकतीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसानं पंचनाम्याआधी पुरावा खिशात घातला. ते तिचे होते आणि ते कुठल्या पाकिटात जावेत असं मला वाटेना, दुसरं कारण नाही. रात्री सदरा काढला तेव्हा ते हातात आले आणि मी मोजले.

तीन होते.

मी दोनदाच पुकारलं होतं. ह्याबद्दल माझ्या मनात कणभरही शंका नव्हती आणि नाही. मग मी एक समजूत करून घेतली. पोरगी कंटाळली असेल, तिसरा चिंचोका तिनं आपणच ठेवला असेल आणि उठताना घसरली असेल. मी वेळेवर तिसरी हाक दिली असती तर ती बांधावरच उभी राहिली असती, बांधावरूनच माझ्याकडं पळत आली असती. भीमराजला मी एवढंच सांगितलं की खेळता खेळता घसरली. पुकाऱ्याचं बोललो नाही. पोराशी फोनवर बोलत होतो म्हणून पोर गेली, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आवाज गेला. रडून बसला असेल असं सगळे म्हणाले. महिनाभरानं डॉक्टरनं घशात बॅटरी मारून पाहिलं, काही दोष नाही म्हणाला. आजपर्यंत मी असाच कुजबुजल्यासारखा बोलतो. समोरच्याला कान पुढं करावा लागतो.

शेततळ्याला मी तारेचं कुंपण घातलं. छातीइतकं उंच, लोखंडी फाटक, कुलूप. किल्ली कमरेच्या करगोट्याला. आता कुंपण कशासाठी, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण मला ऐकू यायचं. रोज दुपारी एक वाजता मी बाजेवर येऊन बसायचो. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, उतारा टाकणं, असलं काही मानत नाहीत. माझ्या बापानं, किशनरावांनी, ते सगळं धम्म घेतला तेव्हाच नदीत सोडलं होतं. त्यामुळं मी काही दिसेल म्हणून बसायचो नाही. मी बसायचो कारण त्या वेळी दुसरीकडं कुठं बसणं मला जमायचं नाही. जगणं म्हणतात ते वर्षभर असं चाललं होतं.

ह्या मार्चमध्ये तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. भीमराज आणि शीतल आले. वंदना झाली, खीर झाली, लोक जेवून गेले. शीतल आत पडली होती. भीमराज माझ्याबरोबर शेतात आला आणि बाजेच्या कडेला बसला. बराच वेळ हळदीकडं बघत होता.

"आबा, एक ईचारतो," तो म्हणाला. "राग नका मानू. सालभर तोंडात तीच गोष्ट हाय."

मी मान हलवली.

"ती हाजिर म्हणली... मंग तुमी तिला जवळ काहून घेतलं न्हाई?"

मला वाटलं, मला नीट समजलं नाही. मी म्हणालो, "कोण म्हणली?"

"प्रियू. मी फोनवर व्हतो की. तुमी तिसऱ्यांदा पुकारलं आन् ती हाजिर म्हणली. मी बराबर आयकलं. मनूनच मी हासलो, चालू द्या तुमचं कोर्ट म्हणलो. ती तुमच्याकडं आली असंल असंच मी समजलो. मंग तळ्यात कशी गेली, आबा?"

मी त्याचा हात धरला. सगळं सांगितलं, कुजबुजत, त्याच्या कानाशी. दोन पुकारे, मग त्याचा फोन, आणि नंतर मी पुकारलंच नाही. तीन चिंचोके.

"न्हाई, आबा," तो म्हणाला. "तुमचाच आवाज व्हता. तुमी हळदीचं बोलून राहिले व्हते, अन् मागून... दुरून... तुमचाच आवाज. तिचं पुरं नाव घेतलं."

"मी बोलत असताना?"

"बोलतानाच. मला तव्हा काही वाटलं न्हाई. आता इचार केला तर..."

ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्यानं उचलला आणि खाली पडला. थोड्या वेळानं भीमराज म्हणाला की शेत विकून टाका आणि आमच्याकडं चला. मी बघू म्हणालो. संध्याकाळच्या गाडीनं ते दोघं गेले.

त्या रात्री मला तिचा प्रश्न आठवला. आबा, तुमी झोपल्यावर तुमचा आवाज कुठं जातो. पोटावर हात ठेवून मी उजाडेपर्यंत पडून राहिलो. वर्षभर मी स्वतःला खात होतो की मी तिसरी हाक दिली नाही. आणि हाक तर दिली गेली होती. माझ्याच आवाजात, पाण्याच्या बाजूनं. पोरीनं ती माझी म्हणून ओळखली, चपला काढून ठेवल्या आणि उत्तर दिलं. तिनं कायदा मोडला नव्हता. माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच. खरं सांगतो, मी न दिलेली ती हाक मला माझ्या चुकीपेक्षा जड झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजेवर बसलो होतो. एक वाजून गेला होता. हळदीचा वास, कागदाची चुरचुर. आणि शेततळ्याकडून आवाज आला.

"संतराम किशनराव खिल्लारे, हाजिर हो..."

माझाच आवाज. आत्ताचा नाही. कोर्टातला, भरलेला, रस्ता ओलांडून जाणारा. जन्मभर मी दुसऱ्यांची नावं घेतली, माझं नाव कधी कुणी त्या दारात घेतलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. मी लिंबाचं खोड धरलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. बऱ्याच वेळानं पाखरं पुन्हा बोलायला लागली तेव्हा उठलो आणि घरी गेलो. उंबऱ्यावर एक चिंचोका होता. ओला.

ट्रंकेत पाहिलं. तिचे तीन चिंचोके जागेवर होते, कोरडे, तिच्या रिबिनीत बांधलेले. हा चौथा. मी तो उंबऱ्यावरच राहू दिला.

आठ दिवस काही नाही. मी सोनाजीला विचारलं, तुला दुपारी काही ऐकू आलं का. तो म्हणाला, न्हाई. मग नवव्या दिवशी दुसरा पुकारा आला, आणि उंबऱ्यावर दुसरा चिंचोका. ह्या वेळी मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. जो कुणी पुकारतो त्यानं माझी पोर नेली. तो मलाही नेत असेल तर जिथं ती आहे तिथंच नेईल, असा माझा हिशोब होता. तिनं जसं उत्तर दिलं तसं मीही देणार होतो. तिसऱ्या पुकाऱ्याला उभा राहीन, हाजिर म्हणेन, आणि संपेल. मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. रोज दुपारी तयार होऊन बसायचो. ट्रंकेतल्या रिबिनीला रोज हात लावायचो आणि तिला सांगायचो, आलोच.

आज सव्वा वाजता भीमराजचा फोन आला. जेवणाची सुट्टी. मी घरातच होतो, दाराशी खुर्चीवर. तो विचारत होता की कधी येता, खोली मोठी घेतलीय. मी ऐकत होतो. मध्येच तो थांबला.

"आबा, मागं कोण पुकारून राहिलंय?"

मी कान दिला. मला काही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तेवढंच.

"तुमचंच नाव घेऊन राहिलंय कोणी," तो म्हणाला. आणि क्षणभरानं त्याचा आवाज एकदम उजळला. वर्षभरात तो असा बोलला नव्हता. "आबा... तुमचा आवाज आला की परत. केवढ्यानं हाजिर म्हणलात."

मी काहीच म्हणालो नव्हतो. फोन कानाला धरून, तोंड मिटून बसलो होतो.

पोरगं तिकडं आनंदानं बोलत होतं. शीतलला सांगतो म्हणाला. मी फोन खाली ठेवला. उंबऱ्यावर तीन चिंचोके होते, एका ओळीत, आणि तिसऱ्याखालची फरशी अजून ओली होत होती.

तेव्हापासून मी इथंच बसून आहे. मला एकच गोष्ट दिसतेय, आणि ती दिसल्यावर दुसरं काही दिसत नाही. आज मी तोंड उघडलं नाही, तरी माझ्या नावानं हाजिर म्हटलं गेलं. म्हणजे त्या दिवशी तीही बोलली नसेल. भीमराजनं ऐकलं ते तिचं नव्हतं. तिसरा चिंचोकाही तिनं ठेवला नव्हता. माझी पोर कायद्यानं वागणारी होती, ती फसणारी नव्हती. पुकारा माझा नाही हे तिनं ओळखलं असणार आणि ती ओठ दाबून बसली असणार, श्वास जपून घेत. तरी तिला नेलं. आणि जिथं नेलं तिथं ती अजून तशीच बसलेली आहे, वर्ष झालं, माझ्या तिसऱ्या हाकेची वाट बघत. मी ती दिलेलीच नाही.

द्यायला हवी. पण माझ्या घशातून हाक निघत नाही, कुजबूज निघते. ती ऐकू जायला अगदी जवळ जावं लागेल.

किल्ली करगोट्याला आहे, आत्ताच चाचपून पाहिली. फाटकाचं कुलूप इथून दिसतं, लावलेलं आहे. दारात माझ्या चपला नाहीत. त्याही इथून दिसतात. कुंपणाच्या आत, बांधावर, शेजारी शेजारी, टाचा माझ्याकडं.